पंचफुलाबाईचा पाय

पंचफुलाबाईला किळस येत नाही अशी वस्तू वस्तीत शोधून काढावी लागली असती. तांब्याच्या आत कुणाचा अंगठा बुडालेला दिसला की ती तांब्या पुन्हा घासायला घेई. शेजारी बसून कुणी खाकरलं की तिचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राही. वस्तीतल्या शालिग्रामच्या मिशीला चिकटलेलं वरण, पोरांच्या नाकाखाली वाळलेली रेघ, प्रार्थना घेणाऱ्या पाळकांच्या टोपीच्या आतली तेलकट काळी कड, हे सगळं तिलाच नेमकं दिसे, आणि दिसलं की पोटात ढवळून येई. बायका हसून म्हणत, "पंचफुले, तुले देवानं डोये देले का भिंगं देले वं?"

आसेगावच्या अलीकडे माळाच्या उतारावर ही ख्रिस्ती वस्ती होती. दहा-बारा घरं, एक कौलारू प्रार्थनाघर आणि खालच्या अंगाला दगडी पायऱ्यांची जुनी बारव. गावातल्या विहिरीवर वस्तीच्या माणसांना कुणी पाणी भरू देत नसे, आणि माळापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यालाही नाही. म्हणून ही एकच बारव दोघांची. उन्हाळ्यात तिचं पाणी तळाला जाई, खालच्या पायऱ्यांवरचं शेवाळ उघडं पडे, आणि घोट्याएवढ्या पाण्यात उतरल्याशिवाय घागर बुडत नसे.

पंचफुलाबाईला मागेपुढे कुणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. रविवारी प्रार्थनेनंतर वस्तीतली पोरं ती एकत्र बसवी आणि त्यांना येशूच्या गोष्टी सांगे, गाणी शिकवी, नखं तपासून पाही. म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. पोरं तिला भीत, पण तिच्याकडे येतही. कारण गोष्ट सांगताना ती स्वतःला विसरून जाई, आणि कुणाच्या नाकाकडे तिचं लक्ष राहत नसे.

त्या उन्हाळ्यात, चोपन्न साली, नारूनं कहर केला होता. आजच्या मुलांनी नारू पाहिलेला नाही, तेव्हा सांगायला हवं. घाणेरड्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे असतात. पाणी न गाळता प्यायलं की त्यांच्याबरोबर नारूचं बीज पोटात जातं. माणसाला काहीच कळत नाही. वर्षभर आत एक जंत वाढतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पायाला फोड येतो. फोडाची आग आग होते. पाय पाण्यात घातला की बरं वाटतं, आणि तिथंच फोड फुटून पांढरं पाणी सुटतं, म्हणजे नारू आपलं बीज परत पाण्यात सोडून मोकळा होतो. मग फोडाच्या तोंडाशी पांढरा दोरा दिसू लागतो. तो एका काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. घाई केली, तुटला, की आत सडतो.

सरकारी डॉक्टरनं हे मंगरूळच्या बाजारात सांगितलं होतं, आणि पंचफुलाबाईनं पोरांकडून पाठ करून घेतलं होतं: दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, आणि नारूवाल्यानं बारवेत पाय घालायचा नाही.

तांड्यातल्या म्हाताऱ्या मोतीबाईच्या पायाला नारू झालेला सगळ्यांना माहीत होता, कारण ती वाटेवरच बाज टाकून बसे. पाय लांब सोडलेला, घोट्याला काडी बांधलेली, भोवती माशा. तिथून जाताना पंचफुलाबाई नाकाला पदर लावी.

"काहून वं मास्तरीन," मोतीबाई तंबाखूची पिंक टाकून हसे, "माह्या पायाचा वास तुह्या घरापर्यंत येते काय?"

पंचफुलाबाई झपझप पाय उचलून पुढे जाई. घरी पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढून तो पांढरा दोरा हलत नसे. त्या वर्षी तिनं शेवया केल्या नाहीत.

*

आणि एका शनिवारी तिच्या उजव्या पायाला, घोट्याच्या वर, फोड आला.

तिनं तो आधी पाहिलाच नाही. म्हणजे पाहिला, पण भाजलं असेल म्हणाली. चूल सारवताना निखारा उडाला असेल. दुपारपर्यंत पायाला जणू कुणी पेटती काडी लावून ठेवली होती. लुगडं घोट्याखाली ओढून, घागर घेऊन ती बारवेवर गेली. ऊन रणरणत होतं, चिटपाखरू नव्हतं. पायऱ्या उतरून तिनं पाण्यात पाय ठेवला, आणि इतकं बरं वाटलं की तिच्या तोंडून हुंकार निघाला.

मग तिनं खाली पाहिलं. घोट्यापाशी पाणी दुधाळ झालं होतं. पांढरा ढग तिच्या पायातून निघत होता, हळूहळू पसरत शेवाळापर्यंत जात होता, आणि विरत होता.

तिनं पाय झटकून वर ओढला. फुटलेल्या फोडाच्या तोंडाशी बारीकसं पांढरं टोक डोकावत होतं. आपल्या आत काहीतरी वर्षभर राहत होतं, आपल्या मांसात फिरत होतं, आपण जेवलो तेव्हा तेही जेवलं, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती पायरीवरच ओकली.

पण ती नेहमी गाळून पाणी पिई! घरातलं फडकं दुहेरी नव्हे, तिहेरी होतं. मग हे आलं कुठून? वर्षभरापूर्वी...

वर्षभरापूर्वी उत्तम शुक्रवार होता, प्रभू वधस्तंभावर गेला तो दिवस. वधस्तंभाची ती लांबलचक प्रार्थना, उन्हाचा तडाखा, आणि तिनंच आग्रहानं सगळ्यांवर घातलेला उपास: प्रभूला तहान लागली होती, आपणही थेंबभर पाणी घ्यायचं नाही. शालिग्रामची बायको कस्तुराबाई तेव्हा पोटुशी होती. तिनं मध्येच उठून मडक्यातलं पाणी प्यायलं, तर पंचफुलाबाईनं तिला सगळ्यांपुढे बोल लावला होता: "प्रभूसाठी येवढं बी धरवत नाही काय?" कस्तुराबाई रडली होती. आणि दुपारच्या सुट्टीत पंचफुलाबाई याच पायरीवर आली, इकडंतिकडं पाहिलं, आणि ओंजळीनं पाणी प्याली. दोनदा. फडकं बरोबर आणलं नव्हतं. पाणी प्यायचंच नव्हतं, तर गाळायचं फडकं कशाला हवं?

कुणी पाहिलं नव्हतं. ती स्वतःही विसरून गेली होती. तिच्या पायानं मात्र लक्षात ठेवलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी रविवारची शाळा भरली. पोरं मांडी घालून बसली होती. पायाला फडकं घट्ट बांधून, वर लुगडं सोडून ती उभी होती. धडा तिनं आठवड्यापूर्वीच ठरवलेला होता: देव आपल्याला ओळखतो.

"आपण बसलो, उठलो, त्याला कळतं," ती म्हणाली. "तोंडात शब्द यायच्या आधी त्याला ठाऊक असतो. आईच्या पोटात होतो तेव्हापासून तो आपल्याला पाहत आला."

शालिग्रामची मधली मुलगी चंदा, आठ वर्षांची आणि भारी चौकस, तिनं विचारलं, "बाई, पोटातलं बी दिसते त्याले? आतड्यातलं बी?"

पोरं खिदळली.

"दिसतं," पंचफुलाबाई म्हणाली.

"मंग त्याले शी नाही वाटत?"

तिनं पोरांवरून नजर फिरवली. सांगायला हवं होतं ते तोंडाशी आलं होतं. हीच पोरं संध्याकाळी बारवेचं पाणी पिणार होती. पुढच्या उन्हाळ्यात यांच्याच पायांना काड्या बांधाव्या लागणार होत्या. ती खाली बसली, आणि अर्धं सांगितलं.

"घरी जाऊन आयांना सांगा, आजपासून पाणी गाळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. एकदा नाही, दोनदा गाळायचं. बारवेत कुणीतरी नारूचा पाय घातला आहे."

"कोनं घातला?"

तिनं लुगड्याचा काठ पायावर आणखी खाली ओढला.

"त्या बुढीनं घातला असन!" चंदा म्हणाली. "मोतीबाईनं! तिच्याच पायाले काडी आये."

पंचफुलाबाईनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तिनं गाणं सुरू केलं.

*

सोमवारी सकाळी चंदा धावत तिच्या दारात आली. चेहरा फुललेला होता, शाबासकी घ्यायला आल्यासारखा.

"बाई, आमी काल त्या बुढीले गोटे मारले! एक तं बरोब्बर पायाले लागला. तिचा नारू तुटला, बाई! लय रक्त आलं. अन् बाबा आता बारवेवर काट्या टाकून राह्यले. तांड्यावाल्यायले पानीच नाही भरू देनार!"

"कुणी मारले म्हणालीस?"

"आमी सगळ्यायनं. शाळेतल्या सगळ्यायनं."

तिनं चंदाला घरी पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

पायाचं फडकं सोडलं. दोरा बोटभर बाहेर आला होता, ओला, चकाकता. त्याच्याकडे पाहताना तिला प्रथमच कळलं की आजवरची किळस किळसच नव्हती. खरी किळस आत्ता येत होती. म्हातारीच्या पायावर गोटे बसले ते तिच्या शाळेतल्या हातांनी. ज्या हातांची नखं ती तपासत होती, त्या हातांनी. तिनं दोरा चिमटीत धरला. ओढून काढावा, तुटला तर तुटो, सडला तर सडो, पण हे अंगातून जाऊ दे.

"तुला सगळं दिसतं ना?" ती मोठ्यानं म्हणाली. प्रार्थनेचा सूर तिच्या आवाजात नव्हता. फटीतून डोकावणाऱ्या सासूशी बोलावं तशी ती बोलत होती. "शुक्रवारी पाहिलंस. शनिवारी पाहिलंस. पाहून पाहून काय मिळतं तुला? लाज वाटत नाही असं बाईमाणसाच्या मागे मागे पाहत बसायला?"

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

मग तिच्याच बोलण्यातलं एक वाक्य तिच्या मनात उलटं फिरलं. शुक्रवारी पाहिलं होतं. म्हणजे वर्षभर त्याला ठाऊक होतं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ती त्या पोरांपुढे उभी राहिली होती, आणि त्याला ठाऊक होतं. मेंढपाळाची गोष्ट सांगताना तिचा गळा भरून आला होता, तेव्हाही ठाऊक होतं. पावसाळ्यात तापानं फणफणली होती, एकटी पडून त्याला हाका मारत होती, आणि खोलीत कुणीतरी बसल्यासारखं वाटून तिला झोप लागली होती. तेव्हाही तो सगळं ठाऊक असूनच आला होता. ढोंगी बाईकडे आला होता, ढोंग माहीत असून. ज्याच्यापासून ती लपत होती त्यानं एवढ्या काळात एकदाही तोंड फिरवलं नव्हतं. लपायला काही उरलंच नव्हतं. मग ती दार लावून कुणापासून बसली होती? शालिग्रामपासून?

तिनं चिमूट सोडली. खराट्याची एक बारीक काडी घेतली, दोऱ्याचं टोक तिला हळूच गुंडाळलं, काडी घोट्याला बांधली. पोटात मळमळत होतंच. ती मळमळ घेऊनच ती उठली. लुगड्याचा काठ वर खोचला, पाय उघडा राहील असा, आणि दार उघडलं. कुठं जायचं हे विचारावं लागलं नाही.

*

बारवेच्या वरच्या पायरीवर बाभळीच्या काट्यांचा ढीग पडला होता. शालिग्राम आणि वस्तीतले काही पुरुष काठ्या घेऊन उभे होते. समोर तांड्याच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढे मोतीबाईची सून रूपाबाई. पाळक जगदेव मध्ये उभे राहून दोन्हीकडे हात करत होते. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

"गावानं आमाले बी हाकललं अन् तुमाले बी," रूपाबाई ओरडत होती. "आता तुमी आमाले हाकलून राह्यले? शरम नाही वाटत? माही सासू पायरीवर बी पाय नाही देत! पानी मी नेतो!"

"चाल हट! तुह्या सासूचा पाय साऱ्या जगानं पायला," शालिग्राम म्हणाला. "आमच्या लेकरायनं नारू प्याचा काय?"

"काट्या काढा," पंचफुलाबाई म्हणाली.

"मास्तरीन, तुमी बाजूले सरा. हे तुमचं काम नोहे."

"काट्या काढा, शालिग्राम. मोतीबाईनं पाय नाही घातला. मी घातला."

तिनं पाय पुढे केला. काडी बांधलेली होती, वर दोरा दिसत होता. क्षणभर कुणालाच काय पाहतोय ते कळलं नाही. मग कस्तुराबाईनं पदर तोंडाला लावला. शालिग्राम बाजूला थुंकला.

"छ्या! तुमी? आमच्या पोरायची नखं तपासून राह्यले तुमी?"

"हो."

"अन् काल शाळेत गप कायले बसल्या होत्या?"

"लाज वाटली म्हणून."

"लाज! म्हातारीचा पाय फुटला तरी लाज!" रूपाबाई हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "वा वं धर्मवाली!"

पंचफुलाबाई कस्तुराबाईकडे वळली. हे सगळ्यांत कठीण होतं. "कस्तुरा, मागच्या उत्तम शुक्रवारी मी तुला सगळ्यांपुढे बोलले. त्याच दुपारी मी इथं येऊन ओंजळीनं पाणी प्याले. चोरून. गाळल्याविना. हा नारू त्या दिवसाचा आहे."

कस्तुराबाई तिच्याकडे पाहत राहिली. कडेवरचं पोर तिनं या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"मी घरी जाऊन रातभर रडली होती," ती म्हणाली. "माह्या पोटातल्या लेकराले पाप लागलं म्हनून."

कस्तुराबाई पाठ फिरवून चालू लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

पाळकांनी काट्यांना हात घातला. आधी एकट्यानंच ओढत होते. मग शालिग्रामनं शिव्या देत का होईना, पण एक फांदी उचलली.

"बाई," पाळक हळू आवाजात म्हणाले, "पाऊस पडेपर्यंत रविवारची शाळा मी घेतो. लोकांची मनं आंबली आहेत."

"घ्या," ती म्हणाली. "पण आधी पोरांना तांड्यावर न्या. मोतीबाईपुढे उभं करा. अन् त्यांना सांगा की चूक पहिल्यांदा बाईची होती."

मग ती घरून तिहेरी फडकं घेऊन आली आणि बारवेच्या वरच्या पायरीवर, पाण्यापासून लांब, बसली. "वर येईल ती प्रत्येक घागर मी गाळून देते," ती म्हणाली. "पाऊस पडेपर्यंत."

"तुह्या हातचं? थू!" शालिग्रामच्या भावजयीनं घागर उचलली आणि तशीच चालती झाली. तिच्यामागे वस्तीतल्या दुसऱ्या बायकाही गेल्या, नाकाला पदर लावून. तो पदर पंचफुलाबाईनं ओळखला.

रूपाबाई पायऱ्या उतरून पाणी भरून आली. तिच्यासमोर उभी राहिली. कपाळावरून घाम ओघळत होता.

"गाळ," ती म्हणाली. "तूच गाळ. अन् परत बारवेत पाय घातला ना, तं तंगडी मोडून हातात देईन."

*

वस्तीतल्या बायका हळूहळू परत आल्या, कारण दुसरं पाणी नव्हतं. काही जणी तिनं गाळलेलं पाणी घरी नेऊन पुन्हा गाळत. ती काही म्हणत नसे. संध्याकाळी फडकं उलटं केलं की त्यावर हिरवट बुळबुळीत साय बसलेली असे, आणि तिच्यात काहीबाही वळवळत असे. ती फडकं झटके, उन्हात टाके, दुसऱ्या दिवशी परत घेई. कस्तुराबाई मात्र आली नाही. तिची घागर चंदा आणे.

मोतीबाई एके दिवशी सुनेच्या खांद्याला धरून आली. तिचा पाय भोपळ्यासारखा सुजला होता. तुटलेला नारू आत सडला होता, आणि पू वाहत होता. तिनं पंचफुलाबाईशेजारी बूड टेकलं आणि पाय तिच्या पायाशेजारी लांब सोडला. वास असह्य होता. पंचफुलाबाईचा हात पदराकडे गेला आणि तिनं तो तिथंच धरून ठेवला.

"पोट्टे आले होते," मोतीबाई म्हणाली. "तुह्या पाळकासंगं. एक पोट्टी लय रडली. मी म्हनलं, रडू नको, नारू तं तुटलाच, आता का चिकटते?"

"माझी चूक होती."

"तुहीच होती." म्हातारीनं तंबाखू तळहातावर चोळली. "मले एक सांग. ती पोट्टी म्हने, बाईचा देव आतड्यातलं बी पायते. खरं आये काय?"

"खरं आहे."

"मंग हे पायते?" तिनं आपल्या सुजलेल्या पायाकडे बोट केलं. पुवावर माशा बसल्या होत्या. "अन् तुहं ते? त्याले किळस नाही येत?"

मुलांना सांगायचं असतं तर पंचफुलाबाईनं झटकन काहीतरी गोड सांगितलं असतं. पण ही म्हातारी तिच्या शाळेतलं पोर नव्हती, आणि खोटं बोलायची तिला आता शिसारी आली होती.

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "येत असेल. पण त्यानं एकदा पाय हातात घेतला की तो सोडत नाही."

मोतीबाईनं तंबाखू गालात धरली आणि मान हलवली, पटलं म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. "मंग त्याले म्हन, जरा लवकर कर," ती म्हणाली. "दुखते."

पंचफुलाबाईनं गाळलेल्या पाण्याचा तांब्या जवळ ओढला. फडक्याचं स्वच्छ टोक भिजवलं. श्वास रोखून, तोंड वाकडं होऊ न देता, नव्हे, ते वाकडं होतंच आणि ती ते लपवत नव्हती, तिनं म्हातारीचा पाय मांडीवर घेतला आणि पू पुसायला सुरुवात केली.

"हळू वं," मोतीबाई म्हणाली.

"हळूच करते," ती म्हणाली.